विभागीय ईमेल पत्त्याचे समर्थन: एक प्रतिवाद

लखनौ हे कार्यालयांचे शहर आहे. उत्तर प्रदेशाचे सचिवालय, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे खंडपीठ, सीएसआयआरच्या चार प्रयोगशाळा, मानकनगरातील आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था आणि अर्ध्या डझनाहून अधिक विद्यापीठे तेथे एकवटली असल्यामुळे तेथील पत्रव्यवहाराचा मोठा भाग व्यक्तींच्या नव्हे, तर पदांच्या आणि विभागांच्या नावाने उघडलेल्या ईमेल पत्त्यांवरून चालतो. कुलसचिव, परीक्षा, प्रवेश, लेखा, खरेदी, संपर्क असे शब्द ज्यांच्या डाव्या भागात येतात त्या पत्त्यांचे समर्थन कार्यालयीन वर्तुळात इतके सर्वमान्य झालेले आहे की त्याची कधी तपासणीच होत नाही. माणसे बदलतात पण पत्ता टिकतो, एकाने पाहिले नाही तर दुसरा पाहतो, आणि पत्रे पोचत नसतील तर दोष तांत्रिक मांडणीचा असतो, पत्त्याच्या स्वरूपाचा नसतो, असे हे समर्थन आहे. यातील पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसरे कोणत्याही कार्यालयाच्या रोजच्या व्यवहाराशी जुळत नाही आणि तिसरे, जे सर्वांत ठामपणे केले जाते, ते ईमेल गाळणाऱ्या यंत्रणा कशा चालतात हे न पाहताच केलेले आहे.

वादात उतरण्यापूर्वी एक घोळ दूर करणे आवश्यक आहे, कारण समर्थकांच्या मांडणीचे बरेचसे बळ त्या घोळातूनच येते. विभागीय पत्ता या एका नावाखाली प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी वावरतात. पहिली म्हणजे पदनामाचा पत्ता, जो एका वेळी एकाच अधिकाऱ्याच्या ताब्यात असतो आणि बदली झाली की पुढच्याकडे जातो. दुसरी म्हणजे सामाईक पेटी, जिचा पासवर्ड पाच-सहा जणांना ठाऊक असतो. आणि तिसरी म्हणजे वितरण-पत्ता, ज्याला स्वतःची पेटी नसते आणि जो आलेले प्रत्येक पत्र ठरलेल्या माणसांच्या खात्यांकडे आपोआप पुढे पाठवतो. समर्थन करताना उदाहरण पहिल्या प्रकाराचे दिले जाते आणि व्यवहार मात्र दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराने चालतो. या लेखातील आक्षेप मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारावर आहेत.

पत्र पोचणे म्हणजे काय, हेही स्पष्ट असायला हवे. समोरच्या सर्व्हरने संदेश स्वीकारला याचा अर्थ तो वाचणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये दिसला असा होत नाही. स्वीकारल्यानंतर तो स्पॅमच्या कप्प्यात टाकणे, तात्पुरता अडकवून ठेवणे किंवा गुपचूप नाहीसा करणे हे सर्व निर्णय सर्व्हर घेतो आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘पाठवले आहे, परत आलेले नाही, म्हणजे पोचले’ हे जावक लिपिकाचे अनुमान टपालाच्या काळात ठीक होते; ईमेलच्या बाबतीत ते चुकीचे आहे.

आता तिसऱ्या, म्हणजे सर्वांत भक्कम समजल्या जाणाऱ्या युक्तिवादाकडे वळता येईल. तो असा की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन व्यवस्था नीट बसवल्या की पत्ता विभागाचा आहे की व्यक्तीचा याने काही फरक पडत नाही. एसपीएफ म्हणजे अमुक डोमेनच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे याची डोमेनधारकाने जाहीर केलेली यादी. डीकेआयएम म्हणजे संदेशावर उमटवलेली सांकेतिक सही, जिच्यावरून मजकूर वाटेत बदलला गेला नाही हे पडताळता येते. आणि डीमार्क म्हणजे या दोन्ही चाचण्या फसल्यास अशा पत्राचे काय करावे याविषयी डोमेनधारकाने दिलेली सूचना. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने, वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला 5000 किंवा अधिक संदेश पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या, याहूनेही तशाच अटी घातल्या, आणि त्या बातमीचा अर्थ अनेक संस्थांनी असा लावला की आता हे तीन दाखले लावले की काम झाले.

परंतु हे दाखले केवळ पाठवणारा कोण आहे हे सांगतात. त्याचे पत्र कुठे ठेवायचे हे ठरते ते त्याच्या आजवरच्या वागणुकीवरून, आणि ती वागणूक मोजण्याचे सर्वांत वजनदार माप म्हणजे वाचणाऱ्यांनी ‘स्पॅम’ म्हणून केलेल्या तक्रारी. त्याच 2024 च्या नियमावलीत जीमेलने तक्रारींचे प्रमाण 0.10 टक्क्याच्या खाली ठेवावे आणि ते 0.30 टक्क्यांपर्यंत कधीही जाऊ देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. दर हजार पत्रांमागे तीन तक्रारी ही मर्यादा किती अरुंद आहे, हे लक्षात आले की सामाईक पत्त्याचा प्रश्न किरकोळ राहत नाही. ओळख सिद्ध झालेली असल्यामुळे तक्रार कोणाच्या खात्यावर मांडायची याबद्दल यंत्रणेला शंकाही उरत नाही, म्हणजे ज्या दाखल्यांचा हवाला समर्थक देतात तेच दाखले या दोषाची नोंद अधिक अचूक करतात.

हे कसे घडते ते एका नमुन्यावरून पाहता येईल. पुण्यातील एक शैक्षणिक प्रकाशन-संस्था लखनौ आणि परिसरातील महाविद्यालयांना दर महिन्याला आपली ग्रंथसूची पाठवते असे समजावे. त्यांपैकी एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने ती मागवताना स्वतःचा पत्ता न देता महाविद्यालयाच्या खरेदी विभागाचा पत्ता दिला, आणि त्या पत्त्यावर येणारे पत्र प्राचार्य, ग्रंथपाल, दोन विभागप्रमुख आणि लेखापाल अशा पाच जणांच्या वैयक्तिक जीमेल खात्यांत आपोआप जाते. ग्रंथसूची मागितली एकाने. ती पाच जणांना दिसू लागली. लेखापालाला तिच्याशी कर्तव्य नाही, ती कोणी मागवली हेही त्याला ठाऊक नाही, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात तो ‘स्पॅम नोंदवा’ हे बटण दाबतो, आणि यात त्याचे काही चुकते असेही म्हणता येत नाही. ती तक्रार महाविद्यालयाच्या नव्हे, तर संदेशावर ज्याची डीकेआयएम सही आहे त्या प्रकाशकाच्या डोमेनवर मांडली जाते. प्रकाशकाच्या दृष्टीने यादीतला पत्ता एक आहे आणि परवानगीही एकाचीच आहे, पण तक्रारीचे बटण पाच जणांच्या हातांत आहे. अशी दहा-वीस महाविद्यालये यादीत असली की हजारी तीनची मर्यादा ओलांडायला कोणा स्पॅम पाठवणाऱ्याची गरज उरत नाही.

यावर समर्थकांचे उत्तर असे असते की तक्रार करणाऱ्याचा पत्ता यादीतून काढून टाकावा म्हणजे प्रश्न मिटेल. पण जीमेल कोणत्या वाचकाने तक्रार केली हे पाठवणाऱ्याला सांगतच नाही. केवळ एकूण प्रमाण दाखवते. याहूसारख्या काही सेवा तक्रारीचा अहवाल परत पाठवतात, परंतु त्या अहवालात असलाच तर अंतिम खातेदाराचा पत्ता असतो, आणि तो पाठवणाऱ्याच्या यादीत कधी नव्हताच. लेखापालाचे खासगी खाते प्रकाशकाने शोधायचे कुठे? प्रत्येक प्रतीत लपवलेला ओळखक्रमांक घालून ठेवण्याची काळजी ज्यांनी आधीच घेतलेली असते तेच त्याचा माग काढू शकतात, आणि लहान प्रकाशक, सांस्कृतिक मंडळे किंवा नियतकालिके यांच्याकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

वितरण-पत्त्याची दुसरी खोड अशी की तो ती ओळखच पुसून टाकतो जिच्या जोरावर सगळा युक्तिवाद उभा आहे. पुण्याहून निघालेले पत्र महाविद्यालयाच्या सर्व्हरवर थांबते आणि तिथून जीमेलकडे जाते, तेव्हा जीमेलला ते महाविद्यालयाच्या सर्व्हरकडून येताना दिसते. प्रकाशकाने एसपीएफमध्ये जाहीर केलेल्या यादीत तो सर्व्हर नसतो, म्हणून ही चाचणी फसते. मग सारा भार डीकेआयएमच्या सहीवर पडतो, आणि तीही टिकते ती मजकुराला कोणी हात लावला नाही तरच. विषयाच्या ओळीत विभागाचे नाव जोडणे, तळाशी संस्थेचे बोधवाक्य किंवा गोपनीयतेची सूचना चिकटवणे, ‘हे पत्र बाहेरून आले आहे’ असा इशारा वर टाकणे या सर्व सोयी वितरण-पत्ते हौसेने करतात आणि प्रत्येक सोय ती सही मोडते. दोन्ही चाचण्या फसल्या की मूळ डोमेनधारकाने डीमार्कमध्ये ‘नाकारा’ असे सांगितलेले असल्यास पत्र परत जाते, आणि काटेकोर व्यवस्था करणाऱ्यालाच त्याची शिक्षा मिळते. हे नुसते तर्काने मांडलेले नाही. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘नाकारा’ ही सूचना लागू केली, तेव्हा जगभरातील असंख्य गट-पत्त्यांवरून जाणारी याहू वापरकर्त्यांची पत्रे धडाधड परत येऊ लागली. त्यावर उतारा म्हणून वाटेतल्या सर्व्हरने आधीच्या तपासणीचा निकाल सही करून पुढे द्यावा अशी एआरसी नावाची पद्धत 2019 मध्ये प्रसिद्ध झाली, पण ती मधल्या सर्व्हरने बसवावी लागते आणि समोरच्याने त्या सर्व्हरवर विश्वास ठेवावा लागतो. जो सर्व्हर दिवसभर आलेली सर्व पत्रे, त्यांतील स्पॅमसकट, पुढे ढकलत असतो त्याच्यावर कोणी विश्वास का ठेवावा? त्यामुळे कालांतराने महाविद्यालयाच्या सर्व्हरचेही नाव खराब होते, आणि ज्यांनी वितरण-पत्ता सोय म्हणून उघडला त्यांची स्वतःची पत्रे त्याच जीमेल खात्यांपर्यंत पोचेनाशी होतात.

तक्रारीइतकेच नुकसान सभ्यपणे केलेल्या नकारानेही होते. मोठ्या यादीवर पत्र पाठवणाऱ्याने एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी अशी जीमेलची अट आहे आणि त्यासाठीचे तंत्र 2017 मध्येच प्रमाणित झालेले आहे. त्या टिचकीमागची खूण पत्त्याशी बांधलेली असते, माणसाशी नाही. पाचांपैकी एका विभागप्रमुखाने ती दाबली की पत्ताच यादीतून जातो, आणि ज्या ग्रंथपालाने सूची मागवली होती त्याला ती येणे बंद होते. प्रकाशक समजतो की महाविद्यालयाला रस उरला नाही, ग्रंथपाल समजतो की प्रकाशकाने पाठवणे सोडले, आणि दोघांच्याही नोंदींत कुठे चूक दिसत नाही. विवरणपत्र भरण्याची मुदत, परीक्षेच्या वेळापत्रकातील बदल, निविदेतील दुरुस्ती अशा सूचनाही जेव्हा अशाच यादीवरून जातात, तेव्हा हा केवळ पुस्तकांच्या विक्रीचा प्रश्न राहत नाही.

पत्ता टिकतो या युक्तिवादाचा विचार अधिक आदराने करायला हवा, कारण त्यामागे शासकीय जीवनाचा खरा अनुभव आहे. जिल्हाधिकारी बदलतो, प्राचार्य निवृत्त होतो, आणि नागरिकाने दर वेळी नवे नाव शोधत फिरावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. भारत सरकारचे ईमेल धोरण फेब्रुवारी 2015 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात नावाधारित आणि पदाधारित असे दोन्ही प्रकारचे पत्ते गृहीत धरले गेले ते याच कारणाने. येणाऱ्या पत्रासाठी पदाचा पत्ता हवा, हे निर्विवाद आहे. मात्र पद म्हणजे निःसंदिग्ध ओळख असे समजणे लखनौत तरी महागात पडते: तेथे ‘लखनौ’ याच नावाचे दोन रेल्वे विभाग आहेत, एक उत्तर रेल्वेचा आणि एक ईशान्य रेल्वेचा, आणि दोन्हींचे विभागीय रेल्वे व्यवस्थापक त्याच शहरात बसतात. पदनाम आणि गाव एवढ्यावर पत्ता ताडणारा ठेकेदार आपले पत्र कोणाच्या पेटीत टाकेल याची खात्री देता येत नाही.

शिवाय टिकाऊपणाचे श्रेय समर्थक चुकीच्या जागी देतात. पत्त्याला सातत्य मिळते ते उजव्या भागातील डोमेनमुळे, डावीकडच्या निनावी शब्दामुळे नव्हे. केंद्र सरकारची ईमेल सेवा चालवण्याचे कंत्राट 2023 मध्ये झोहो कंपनीला मिळाले आणि पुढे सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची खाती तिच्या यंत्रणेवर गेली, तरी पत्रव्यवहार तुटला नाही, कारण जीओव्ही डॉट इन आणि एनआयसी डॉट इन ही डोमेने कायम राहिली. याउलट डोमेन बदलले की डावीकडे ‘कुलसचिव’ असो वा कोणाचे आडनाव, पत्ता मरतोच. लखनौचे तंत्रशिक्षण विद्यापीठ या बाबतीत पाहण्यासारखे आहे: 2000 मध्ये उत्तर प्रदेश तंत्रशिक्षण विद्यापीठ म्हणून ते सुरू झाले, 2010 मध्ये त्याचे दोन तुकडे होऊन लखनौच्या तुकड्याला गौतम बुद्धांचे नाव मिळाले, 2013 मध्ये दोन्ही पुन्हा एक होऊन जुने नाव परतले आणि 2015 मध्ये त्याला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव देण्यात आले. यूपीटीयू डॉट एसी डॉट इनचे एकेटीयू डॉट एसी डॉट इन झाले ते या प्रवासात. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल, तर विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये लखनौत स्थापन झालेल्या मॅरिस संगीत महाविद्यालयाचे घेता येईल, ज्याला 1966 मध्ये भातखंड्यांचे नाव मिळाले, 2000 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये राज्य विद्यापीठ म्हणून पुन्हा नवे नाव मिळाले. संस्थेचे नाव आणि दर्जा असा पालटत असताना ‘विभागाचा पत्ता कायमचा’ हे गृहीतक कोणत्या आधारावर धरायचे?

अशा पालटात जुने पत्ते नुसते निकामी होत नाहीत, ते धोक्याचेही ठरू शकतात. व्यक्तीचा पत्ता बंद झाला की त्या व्यक्तीला ओळखणारे चार लोक नवा मागून घेतात. विभागाचा पत्ता मात्र माहितीपुस्तिकांत, जुन्या परिपत्रकांत आणि इतरांच्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे छापलेला राहतो, आणि तेथून तो यंत्राने वेचून याद्या विकणाऱ्यांच्या हाती पडतो. बंद पडलेला पत्ता काही काळ पत्रे परत पाठवतो, आणि नंतर काही सेवाचालक तोच पत्ता सापळा म्हणून पुन्हा उघडतात: त्यावर पत्र पाठवणारा आपली यादी तपासत नाही, असा निष्कर्ष काढून त्याच्या डोमेनला काळ्या यादीकडे ढकलले जाते. एसी डॉट इनची नोंदणी अर्नेट या सरकारी संस्थेकडे असून ती शिक्षणसंस्थांपुरतीच मर्यादित असल्यामुळे तेथे सोडलेले डोमेन परक्याच्या हाती जाण्याची भीती कमी आहे. खासगी महाविद्यालयांनी डॉट कॉमवर घेतलेल्या आणि नूतनीकरण विसरलेल्या डोमेनांना ते संरक्षण नाही.

एकाने पाहिले नाही तर दुसरा पाहील, या युक्तिवादाला आवक-जावक विभागाचा दाखला दिला जातो. जुन्या कार्यालयात सर्व टपाल एका टेबलावर येत असे आणि काही हरवत नसे, तेव्हा सामाईक पेटी म्हणजे त्याच टेबलाचे नवे रूप, असे म्हटले जाते. ही तुलना समर्थकांच्याच विरुद्ध जाते. आवक टेबलावर एक ठरलेला लिपिक बसे. तो प्रत्येक पत्राला क्रमांक देई, तारखेचा शिक्का मारी, नोंदवहीत ते कोणाकडे दिले हे लिही आणि घेणाऱ्याची सही घेई. सामाईक पेटीत यातले काहीच होत नाही. पत्र एकाने उघडले की ते सर्वांना ‘वाचलेले’ दिसते, दुसरा समजतो पहिल्याने उत्तर दिले असेल, तिसरा आपल्या कामाचे नाही म्हणून ते कचरापेटीत टाकतो, आणि कोणी काय केले याची नोंद राहत नाही. वापरकर्ता पत्रे उघडतो का, उत्तरे देतो का, न वाचताच पुसतो का, हेही गाळणी यंत्रणा पाहत असतात. पाच जणांच्या परस्परविरोधी वागण्यातून त्या पेटीविषयी जो निष्कर्ष निघतो तो कोणाच्याच गरजेशी जुळत नाही. शेवटी पेटी भरते, कारण ती रिकामी करणे हे कोणाचेच काम नसते, आणि भरलेल्या पेटीवरून परत आलेली पत्रे पाठवणाऱ्याच्या यादीला पुन्हा बाधक ठरतात.

सामाईक पत्त्यावरून बाहेर पत्रे पाठवण्याची कथा याहून सरळ आणि याहून वाईट आहे. कित्येक विभाग स्वतःच्या डोमेनवर नव्हे, तर जीमेलवर उघडलेल्या फुकट खात्यावर चालतात, आणि अशा खात्यातून दिवसाला सुमारे 500 जणांनाच पत्र जाऊ शकते. संस्थांसाठीच्या सशुल्क गूगल खात्याला ही मर्यादा 2000 ची आहे. सकाळी एका लिपिकाने प्रवेशाची जाहिरात शेकडो पालकांना गुप्त प्रतीने पाठवली की दुपारी त्याच पत्त्यावरून दुसऱ्याने पाठवलेले परीक्षा केंद्राचे तातडीचे पत्र अडते, आणि अडण्याचे कारण त्याला कळत नाही. पासवर्ड फळ्यामागे चिकटवलेल्या कागदावर असतो, बदली झालेल्यांना तो पाठ असतो, आणि तो एकदा चोराच्या हाती पडला की विभागाच्या नावाने हजारो बनावट पत्रे सुटतात. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने (एनआयसी) सरकारी ईमेलसाठी ‘कवच’ हे दुहेरी पडताळणीचे ॲप आणले, तेव्हा सामाईक पेटीचा अंतर्विरोध उघड झाला: अशी पडताळणी एका माणसाच्या मोबाइलशी बांधलेली असते, मग बाकीच्यांनी त्याला दर वेळी फोन करून संकेतांक विचारायचा की पडताळणीच टाळायची? त्यात ‘आपले पत्र मिळाले’ असे स्वयंचलित उत्तर लावण्याची हौस असते. स्पॅम पाठवणारे दुसऱ्याच कोणाचा पत्ता खोटा लावत असल्यामुळे ही उत्तरे निरपराध लोकांकडे जातात आणि विभाग स्वतःच स्पॅमचा उगम म्हणून नोंदला जातो.

यावर शेवटचे अस्त्र म्हणून प्रमाणकाचा आधार घेतला जातो, आणि तो अगदीच खोटा नाही. मे 1997 मध्ये डेव्ह क्रॉकर यांनी लिहिलेला आरएफसी 2142 हा दस्तऐवज इन्फो, सेल्स, सपोर्ट, अब्यूज, पोस्टमास्टर अशी सामाईक नावे सुचवतो, आणि पोस्टमास्टर हा पत्ता तर ईमेलच्या मूलभूत प्रमाणकांनी अनिवार्यच केलेला आहे. परंतु त्या दस्तऐवजाचा हेतू कोणीही बाहेरचा माणूस संस्थेला गाठू शकेल एवढाच आहे. ती नावे नियतकालिकांच्या याद्यांत नोंदवावीत किंवा त्यांवरून याद्यांना पत्रे सोडावीत, असे तो कुठेही म्हणत नाही. सायबर घटनेची खबर सहा तासांत देण्याचे बंधन एप्रिल 2022 च्या आदेशाने घालणारी सर्ट-इन ही संस्थाही ती खबर एका सामाईक पत्त्यावर मागते, आणि ते योग्यच आहे, कारण ते येणारे पत्र आहे आणि ते पाहण्यासाठी तेथे माणसे नेमलेली आहेत.

विरुद्ध टोकाला जाणाऱ्यांनाही येथे मोकळे सोडता येत नाही. याद्या ‘स्वच्छ’ करून देणाऱ्या काही सेवा डावीकडे इन्फो किंवा सेल्स दिसले की पत्ता सरसकट कापून टाकतात. लखनौच्या चौक भागातील चिकनकारीचा छोटा निर्यातदार, ज्याच्या दुकानात तोच मालक आणि तोच कारकून, अनेकदा ‘इन्फो’ हाच एकमेव पत्ता वापरतो. त्यामागे एक माणूस आहे, त्याने स्वतः नाव नोंदवले आहे आणि त्याला पत्र हवे आहे. त्याला कापणे हा आळशीपणा आहे. याद्यांना पत्रे पाठवून देणारी मेलचिंपसारखी सेवा असे पत्ते एकगठ्ठा भरू देत नाही, पण त्या पत्त्याने स्वतः फॉर्म भरून नोंदणी केली तर तो स्वीकारते, आणि ही रेषा बरीचशी बरोबर ठिकाणी ओढलेली आहे: शब्द कोणता आहे यापेक्षा त्यामागे संमती देणारा कोण आहे, हे तिथे विचारले जाते.

संमतीचा मुद्दा आला की कायद्याचा हवाला दिला जातो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ही व्यक्तीने द्यायची असते. विभाग ही व्यक्ती नाही, म्हणून विभागीय पत्त्यावर पाठवायला संमती लागत नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो कायद्याच्या भाषेत टिकेलही, परंतु गाळणी यंत्रणा कायदा वाचून निर्णय घेत नाही, ती बटण दाबणाऱ्यांची संख्या मोजते. आणि कायदा सामाईक पत्त्याच्या बाजूने आहे असे मानणाऱ्यांनी माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 13 अवश्य पाहावे. ज्याने इलेक्ट्रॉनिक पत्रे स्वीकारण्यासाठी विशिष्ट संगणकीय ठिकाण नेमून दिले आहे, त्याच्या बाबतीत पत्र त्या ठिकाणी शिरले त्या क्षणी ते मिळाले असे हे कलम मानते. वाचले की नाही, पाचांपैकी कोणी उघडले की नाही, याची दखल घेण्याची तरतूद त्यात नाही. संकेतस्थळावर ‘पत्रव्यवहारासाठी’ म्हणून विभागाचा पत्ता छापणारी संस्था त्या पेटीत पडलेल्या प्रत्येक नोटिशीची जबाबदारी अशा रीतीने स्वीकारत असते, आणि ‘ती सामाईक पेटी आहे, आमच्या पाहण्यात आले नाही’ हे उत्तर न्यायालयात लंगडेच पडणार.

पर्याय खर्चिकही नाहीत. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्हींच्या कार्यालयीन सेवांत पासवर्ड न वाटता एका पेटीवर अनेकांना आपापल्या खात्यातून काम करण्याचा अधिकार देता येतो, आणि कोणत्या पत्राला कोण उत्तर देणार हे गूगलच्या गट-पेटीत नेमताही येते. परिपत्रके आणि नियतकालिके मागवायची ती स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर, बदली होताना त्या याद्या पुढच्या माणसाच्या हवाली करायच्या, आणि मोठ्या यादीला पत्रे सोडायची ती त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या उपडोमेनवरून, म्हणजे एखाद्या जाहिरातीचा फटका कुलसचिवांच्या पत्राला बसत नाही. ग्राहकांच्या तक्रारींच्या बाबतीत तर देशाने हा प्रश्न नियमानेच सोडवला आहे: ई-कॉमर्ससाठीच्या ग्राहक संरक्षण नियमांनी 2020 पासून प्रत्येक अशा कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि संपर्क तिन्ही जाहीर करण्याचे आणि 48 तासांत पोच देण्याचे बंधन घातले आहे. हे नियम विद्यापीठांना, सचिवालयाला किंवा रेल्वेच्या कार्यालयांना लागू नाहीत. पण आपल्या संकेतस्थळावर विभागाच्या पत्त्याशेजारी, तो पाहणाऱ्या माणसाचे नाव छापण्यापासून त्यांना कोणताही नियम अडवत नाही.